जाणत्यांचं जंगल आराखड्यात कसं उतरवायचं: नवख्यांसाठी पायरीपायरीने

गडचिरोली, चंद्रपूर, अमरावती या जिल्ह्यांत आज शेकडो ग्रामसभांच्या हातात सामूहिक वनहक्काचे पट्टे आहेत. पट्टा मिळाला की पुढचं काम व्यवस्थापन आराखड्याचं, आणि बहुतेक ठिकाणी घोडं तिथंच अडतं. आराखडा लिहायला जो येतो तो बहुधा नवखा असतो. नुकतीच समाजकार्याची पदवी घेतलेला मुलगा, संस्थेची कार्यकर्ती, नव्याने रुजू झालेला वनरक्षक, नाहीतर गावातलाच पण शिक्षणापायी बरीच वर्षं नागपुरात काढून परतलेला तरुण. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आदिवासींचं पारंपरिक ज्ञान नुसतं गोळा करून जंगलाच्या पदरात काही पडत नाही. सरकारी कपाटांत अशा नोंदवह्यांचे गठ्ठे पडून आहेत. गावच्या म्हातारीला ठाऊक असलेली गोष्ट ग्रामसभेचा नियम व्हायला हवी. कोणत्या कक्षात (वनविभागाने क्रमांक देऊन पाडलेल्या जंगलाच्या तुकड्यात), कधीपासून, कोणत्या पद्धतीने, आणि लक्ष कोण ठेवणार, एवढं ठरलं की ते ज्ञान जंगलाच्या कामी येतं. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या नियमाकडेच चालत जातात.

पायरी १ : आधी कागद बघा

जंगलात जाण्याआधी पट्टा वाचा. वनहक्क कायदा २००६ चा, त्याचे नियम २००८ चे आणि त्यांत मोठी दुरुस्ती झाली २०१२ मध्ये. गावाकडे असलेला पट्टा नुसत्या वापराचा, म्हणजे चराई, गौण वनोपज, मासेमारी यांचा आहे, की कलम ३(१)(आय) खालचा, म्हणजे जंगलाचं संरक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा आहे, हे पहिल्या दिवशी कळलं पाहिजे. दुसऱ्या प्रकारचा असेल तर जंगलासाठी नियम करण्याचा अधिकार ग्रामसभेचा आहे. पहिल्याच प्रकारचा असेल तर आधी व्यवस्थापनाच्या हक्काचा दावा, मग आराखडा.

मग ग्रामसभा नेमकी कोणती ते बघा. कायद्याच्या दृष्टीने ती ग्रामपंचायतीची असायला हवी असं नाही. अनुसूचित क्षेत्रात टोल्याची किंवा पाड्याचीही स्वतंत्र ग्रामसभा असू शकते. जंगलाची माहिती टोल्यागणिक बदलते, म्हणून हे महत्त्वाचं. पाच टोल्यांचा मिळून एकच आराखडा केला की तो कोणाचाच राहत नाही.

विदर्भात एक जुना कागद फार उपयोगी पडतो, तो म्हणजे निस्तार पत्रक. गावाला कोणत्या जंगलातून जळण, बांबू, गवत, शेतीच्या अवजारांचं लाकूड घ्यायची मुभा होती हे त्यात लिहिलेलं असतं. म्हाताऱ्या माणसासमोर ते वाचून दाखवा. “अमुक झुडपी जंगलातून गवत” एवढं वाचलं की पुढची सगळी हकिकत ते स्वतःच सांगू लागतात. सोबत वनविभागाच्या कार्य आयोजनेतली (कोणत्या कक्षात कधी काय काम करायचं याचा विभागाचा आराखडा) तुमच्या कक्षांची पानं आणि कक्ष नकाशा मागून घ्या. ते कागद सातव्या पायरीला लागणार आहेत.

पायरी २ : कोणाला काय ठाऊक आहे

नवखा माणूस गावात येतो आणि “गावातले जाणते कोण?” असं विचारतो. त्याला पाटील, पोलीस पाटील, सरपंच आणि एखादे वैद्य अशी चार नावं मिळतात. चारही पुरुष. मुलाखती होतात, अहवाल होतो, आणि जंगलातून सर्वांत जास्त वस्तू आणणाऱ्या माणसांना, म्हणजे बायकांना, कोणी विचारलेलंच नसतं.

जंगलाचं ज्ञान गावात कामाप्रमाणे वाटलेलं असतं. मोह, चार (चारोळीचं झाड), रानभाज्या, सात्या (रानातली अळंबी) आणि सरपण बायकांकडे. कोणत्या नाल्याला पाणी कुठवर टिकतं आणि गवत कुठं हटलं, हे गुराख्याकडे. आग्या मोहोळाचं मध काढणारे गावात दोन-तीनच असतात. बांबूच्या काठीचं वय ओळखणं बुरुडाकडे, डोहातल्या माशांचं ढिवरांकडे. (वनहक्क कायदा या ‘इतर पारंपरिक वननिवासींना’ही धरतो, म्हणून आदिवासींची यादी करून थांबू नका.) देवाच्या जागा आणि सणांच्या तिथी गोंडांमध्ये गायत्याकडे, मेळघाटातल्या कोरकूंमध्ये भुमक्याकडे.

विचारण्याची जागा समाजमंदिर नव्हे. तिथं माणसं सभेत बोलतात तसंच बोलतात. मोह वेचायला पहाटे बायका निघतात तेव्हा सोबत जा आणि वेचू लागा. हात चालू असले की तोंडही चालतं. आणि भाषा मराठीच असली पाहिजे असा आग्रह धरू नका. गोंडी, माडिया किंवा कोरकू बोलणारा गावचाच मुलगा सोबत असू द्या, आणि झाडाचं नाव ऐकलं तसंच टिपा. शास्त्रीय नाव नंतर पान-फूल दाखवून कोणाकडूनही लावून घेता येतं. उलटं केलंत, म्हणजे छापील यादी घेऊन “हे आहे का, ते आहे का” विचारत बसलात, तर यादीत नसलेलं काहीच हाती लागणार नाही.

एक प्रश्न मात्र प्रत्येक मोठ्या मोहाखाली विचाराच: हे झाड कोणाचं? कागदावर जंगल सरकारचं, आता ग्रामसभेचं, पण पूर्व विदर्भात बऱ्याच गावांत जंगलातले मोहही घराघरांत रीतीने वाटून घेतलेले असतात. एका आजीने मला सुनावलं होतं, “जंगल कोनाचंही राहो, हा मोह माझ्या सासूपासून आमचाच हाये.” हा रिवाज आराखड्यात आला नाही तर पहिल्याच हंगामात भांडणं होतात. आला तर प्रत्येक झाडाला आयता राखणदार मिळतो.

पायरी ३ : जंगलफेरी आणि नावांचा नकाशा

वनविभागाच्या नकाशावर कक्षांचे क्रमांक असतात. गावाच्या डोक्यात मात्र जागांची नावं असतात. प्रत्येक नाला, टेकडी, खडक, पाणवठा, जुनी पडीक वस्ती, सगळ्यांना नाव. दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवणं हे तुमचं खरं काम आहे.

सहा-सात जणांचा गट करा, त्यात निम्म्या तरी बायका हव्यात. रोज एका नाल्याच्या काठाने वर जा आणि दुसऱ्या बाजूने उतरा. मोबाईलवर जीपीएसचं साधं ॲप पुरतं. प्रत्येक नावाच्या जागी थांबा आणि तीन गोष्टी टिपा: इथून काय मिळतं, पूर्वी काय मिळायचं आणि आता मिळत नाही, आणि इथं काय करायचं नाही. हा तिसरा प्रश्न लोक विसरतात, पण त्यातच सोनं आहे. अमुक टेकडीवर कुऱ्हाड न्यायची नाही, अमुक डोहात पावसाळ्याआधी जाळं टाकायचं नाही, अमुक झाडाची फांदीही मोडायची नाही. कोणी देवाचं कारण सांगेल, कोणी वाघाचं, कोणी नुसतं “नाही म्हणतात” म्हणेल. कारणावर वाद घालू नका, जागा नकाशावर घ्या. असे मनाईचे तुकडे बरेचदा नाल्याच्या उगमाशी किंवा जुन्या दाट राईत सापडतात. कोकणात ज्याला देवराई म्हणतात ते काम इथं पेनठाणी, म्हणजे गोंडांच्या देवाच्या जागा, करतात.

चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिंपरी तालुक्यातल्या पाचगावने याचा अर्थ चांगला ओळखला. २०१२ मध्ये त्यांना हजारेक हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्यातलं सुमारे ३४ हेक्टर उत्तम जंगल त्यांनी ‘पेनगेडा’ म्हणून, म्हणजे देवाचं रान म्हणून, पूर्ण राखून ठेवलं. जुनी रीत, पण निर्णय नवा आणि ठरावातला. मला हे उदाहरण आवडतं ते यासाठी की गावाने परंपरा फक्त सांभाळली नाही, वाढवली.

पायरी ४ : बारा महिन्यांचा तक्ता

आता चार्टपेपर घ्या, महिने मराठीच लिहा आणि जंगलात कधी काय होतं ते गावाकडून भरून घ्या. सगळे महिने सारखे भरणार नाहीत. फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत तक्ता गच्च, कारण वर्षाची अर्धी कमाई आणि बहुतेक सगळं नुकसान याच काळात होतं.

मोह घ्या. मार्च-एप्रिलमध्ये फूल पहाटेपासून गळतं. खाली पाचोळा असेल तर फूल दिसत नाही, म्हणून पाचोळा पेटवतात, आणि ती आग झाडाखाली थांबत नाही. महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतात आणि त्यात मोहाखालच्या आगीचा वाटा मोठा. तोडगा गावातच असतो. झाडाखालचं वर्तुळ हंगामाआधी झाडून काढायचं किंवा जुनी साडी, जाळी अंथरायची. मेहनत जास्त, पण फूल स्वच्छ निघतं.

आगीपुरताच हा प्रश्न नाही. मोहाची रोपं जंगलात दिसेनाशी होत आहेत. फूल वेचलं जातं, टोळंबी (मोहाचं फळ-बी) तेलासाठी वेचली जाते, जे बी उरतं त्याचं रोप आगीत किंवा गुरांच्या तोंडात जातं. आणि मोहाचं बी साठवून ठेवता येत नाही, काही आठवड्यांतच त्याची उगवण जाते. वनविभागाची रोपवाटिका हिवाळ्यात पिशव्या भरते, तोवर मोहाचं बी मेलेलं असतं. बायका सांगतात ते सरळ आहे: बी पडलं की पहिल्या पावसात लावायचं. तक्त्यात ही ओळ आषाढाच्या रकान्यात मोठ्या अक्षरात लिहा.

चारोळीचं दुखणं वेगळं आहे. चारीचं फळ एप्रिल-मेमध्ये पिकून काळं होतं. पण व्यापारी आधी येतो, आणि “मी नाही तोडली तर शेजारचं गाव तोडेल” या धास्तीने फळ हिरवंच ओरबाडलं जातं, कधी फांदीसकट, कधी झाडच आडवं पडतं. कच्च्या फळातलं बी हलकं, भाव पडतो, आणि पुढच्या वर्षी झाडाला फांदी नसते. आता इथं सणांकडे बघा. भामरागडकडचे माडिया आणि बस्तरचे गोंड ‘मरका पंडुम’ झाल्याशिवाय नवा आंबा खात नाहीत. बियाण्यासाठी ‘बीज पंडुम’ असतो. वर्षाचं नवं फळ, नवं धान्य आधी देवाला, मग माणसाला. ही रीत म्हणजे तोडणीची तारीखच आहे, आणि तारीख गावाने मिळून ठरवलेली असल्यामुळे कोणी कोणाच्या आधी धावत नाही. हाच धागा धरून चारीसाठी ‘तोडणी खुली’ होण्याचा दिवस ठरवता येतो. लोकांना तो उपरा वाटत नाही.

तेंदूवर गावागावांत मतभेद आहेत आणि असणारच, कारण पैसा मोठा आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये खुटकटाई (तेंदूच्या झुडपांची छाटणी) होते, कोवळ्या पालवीसाठी काही ठिकाणी आग लावली जाते, एप्रिल-मेमध्ये पानं तोडून पुडे बांधून फळीवर (पानं गोळा करण्याच्या केंद्रावर) नेतात. पाचगावने पानांची तोडणीच बंद केली. आग आणि छाटणीने जंगल खराब होतं, आणि तेंदूचं फळ माणसालाही लागतं, जनावरांनाही, असा त्यांचा विचार. बांबूतून चांगलं उत्पन्न येत होतं म्हणून त्यांना हे परवडलं. ज्या गावाचं वर्ष तेंदूवर चालतं त्याला जाऊन पाचगावचं प्रवचन देऊ नका. तिथं विचारा: आग न लावता खुटकटाई जमेल का? फळं देणारी मोठी झाडं सोडता येतील का? दरवर्षी एखादा भाग विश्रांतीला ठेवता येईल का?

बाकीचे महिने भराभर भरतात. पावसाळ्यात बांबूचे वास्ते (कोवळे कोंब) आणि सात्या, थंडीत आवळा, हिरडा, बेहडा, आणि बांबूतोड.

पायरी ५ : ऐकलेलं तपासून घ्या

इथं दोन टोकांची माणसं भेटतात. एकाला म्हाताऱ्याचा प्रत्येक शब्द वेदवाक्य, दुसऱ्याला सगळंच अंधश्रद्धा. दोघांनीही जंगलात जाऊन काही मोजलेलं नसतं.

बांबूचंच बघा. जाणते सांगतात, बांबू पावसाळ्यात तोडू नये, थंडीत तोडावा, आणि तोही अंधाऱ्या पंधरवड्यात, म्हणजे कीड लागत नाही. यातला पहिला भाग पक्का आहे. पावसाळ्यात कोंब वर येत असतात, तेव्हा बेटात शिरलं की ते मोडतात. थंडीत तोडलेल्या काठीत भुंग्याला लागणारं पिष्ट कमी असतं. चंद्राचा भाग मात्र तपासून बघण्यासारखा आहे. एकाच बेटातल्या सारख्या वयाच्या काठ्या दोन्ही पंधरवड्यांत तोडा, खूण करून एकाच छपराखाली ठेवा, वर्षभराने उघडून बघा. गावातल्या पोरांना हे काम फार आवडतं. निकाल काहीही येवो, थंडीचा नियम तसाच राहतो.

मोजायला दोरी आणि चार खुंट्या पुरतात. दहा मीटर बाय दहा मीटरचे चौकोन आखा. काही वापरातल्या भागात, काही राखलेल्या भागात. प्रत्येकात मोठी झाडं, माणसाच्या उंचीची पोरझाडं आणि गुडघ्याखालची रोपं वेगवेगळी मोजा, जातीप्रमाणे. म्हातारं माणूस म्हणतं “चार संपत चालली”, तर चौकोनात मोठी झाडं आहेत पण रोप एकही नाही असं दिसतं का? दिसलं तर ग्रामसभेत कोणी त्याला म्हाताऱ्याची कुरकुर म्हणू शकत नाही. कधी उलटही होतं. एखादं फळ कमी झालं असं लोक म्हणतात आणि रोपं भरपूर असतात, तेव्हा दोष पावसाचा, माकडांचा की वेचणाऱ्यांची संख्या वाढल्याचा, हे शोधावं लागतं.

दुसऱ्या प्रदेशातलं ज्ञान उचलून आणतानाही हाच चाळणीचा नियम. कर्नाटकात चामराजनगर जिल्ह्यातल्या बिळिगिरी रंगन डोंगरांतले सोलिगा लोक उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच पाचोळ्याची हलकी आग लावत. आग लावायला बंदी आल्यापासून घाणेरी माजली आणि आवळ्यावर बांडगूळ वाढलं असं ते सांगतात, आणि अभ्यासकांनीही ते गांभीर्याने घेतलं आहे. हे वाचून कोणी गडचिरोलीत काडी पेटवायला निघू नये. इथली आग बहुधा कडक उन्हाळ्यात, पाचोळा पूर्ण सुकल्यावर, कोणी न सांभाळता लागते. ती सोलिगांची आग नव्हे. त्यांच्याकडून उचलायचंच तर आवळा तोडताना बांडगुळाची फांदीही छाटून टाकायची सवय उचला. तिला काडीइतकाही खर्च नाही.

पायरी ६ : ज्ञानाचा नियम करा

ही पायरी सर्वांत जास्त वेळ खाणार, खाऊ द्या.

आतापर्यंत जमलेल्या गोष्टींतून पहिल्या वर्षासाठी पाच-सहाच निवडा. प्रत्येकीचं एक पान करा. “मधमाश्या वाचवाव्यात” हा नियम नाही, तो सुविचार आहे. नियम असा लिहिला जातो: आग्या मोहोळ जाळून काढायचं नाही. फांदीला लागून जो जाड मधाचा भाग असतो तेवढाच कापायचा, पिल्लांचा पोळा सोडायचा. काढण्याचं काम ग्रामसभेने नेमलेला गटच करेल. मध ग्रामसभेत मोजलं जाईल. जाळलेलं पोळं सापडलं तर गटाने सात दिवसांत सभेपुढे यायचं. या पद्धतीत वसाहत जगते आणि तिथूनच पुन्हा मध घेता येतं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात मधाच्या अशाच प्रश्नावर अभ्यासगट बसत असे. त्या गावाची एक सवय शिकण्यासारखी आहे. निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने होतात, आणि त्याआधी विषयावर अभ्यासगट चर्चा करून घेतो. वेळ लागतो, पण नियम मोडणारा “मी तेव्हा विरोधात हात वर केला होता” असं म्हणू शकत नाही.

बांबूच्या नियमात बारकावे लागतात, म्हणून तो नमुना म्हणून देतो. चालू वर्षाची आणि गेल्या वर्षाची काठी तोडायची नाही. वय कसं ओळखायचं ते बुरुडाला दाखवायला सांगा: नव्या काठीवर पांढुरकी भुकटी आणि पेरांना आवरण चिकटलेलं, जुनी पिवळट आणि ठोकली की खणखणीत. जमिनीपासून वीतभर वर, पेराच्या लगेच वरून कापायचं, म्हणजे खुंटात पाणी साचत नाही. बेटाच्या कडेच्या काठ्या ठेवायच्या, कारण बेट बाहेरच्या बाजूला वाढतं. सोप्या म्हणून कडेच्या काठ्या तोडत राहिलं तर आत नुसता गुंता उरतो. वास्ते किती काढायचे, कोणत्या बेटातून काढायचे नाहीत, हेही त्याच पानावर. आणि बांबू फुलोऱ्यावर आला तर काय, याचंही एक वाक्य लिहून ठेवा. मानवेल अनेक दशकांतून एकदा सामूहिक फुलते आणि मरते. त्या वर्षी वाळलेला बांबू काढणं आणि पडलेल्या बियाच्या रोपांना आग नि गुरं यांपासून राखणं, ही दोन्ही कामं एकदम अंगावर येतात. आधीचा फुलोरा कोणाला आठवतो ते आजच विचारून ठेवा.

चराईबंदीवर गावं सर्वांत जास्त भांडतात. मेळघाटच्या पायथ्याचं पायविहीर (अचलपूर तालुका) बघा. कोरकू गाव, उघडंबोडकं जंगल, २०१२ मध्ये दोनेकशे हेक्टरवर हक्क. त्यांनी चराई आणि तोड यांवर नियम केले, सीताफळाची झाडं सांभाळली आणि फळ ‘नॅचरल्स मेळघाट’ नावाने मुंबईपर्यंत विकलं. २०१४ मध्ये त्यांना जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यांच्याकडून घ्यायचं ते हे की राखलेल्या भागातून लवकर हातात काही तरी पडलं पाहिजे. नुसतीच बंदी दुसऱ्या वर्षी कोणी पाळत नाही.

दंड ठेवा, पण गावाच्या रीतीतला. रक्कम मोठी लावली तर कोणी वसूल करत नाही आणि नियम हसण्यावारी जातो. गस्तीची पाळी घराघरांतून असू द्या, त्यात बायकांच्या पाळ्याही. ठराव लिहिताना गणपूर्ती सांभाळा. वनहक्काच्या कामासाठीच्या सभेला किमान निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला. सह्या-अंगठे त्याच दिवशी घ्या, “नंतर घरोघर फिरून घेऊ” नको.

पायरी ७ : आराखडा आणि वनविभाग

२०१२ च्या नियमांनी हे स्पष्ट केलं आहे की ग्रामसभेच्या समितीने सामूहिक वनसंपत्तीचा संरक्षण आणि व्यवस्थापन आराखडा करायचा, ग्रामसभेने त्यावर देखरेख ठेवायची, आणि तो आराखडा वनविभागाच्या कार्य आयोजनेशी जोडायचा. वनोपजाचा वाहतूक परवानाही ही समितीच देते. ही शेवटची गोष्ट सहज मिळालेली नाही. मेंढा गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टरचा पट्टा मिळाला, तरी बांबू विकायला परवाना पुस्तक मिळेना. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्र्यांच्या उपस्थितीत ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं.

आराखडा जाडजूड करू नका. नावांचा नकाशा, बारा महिन्यांचा तक्ता, नियमांची पानं, चौकोनांतली मोजणी आणि वर्षाची कामं, बस. गावाच्या भाषेत एक प्रत, मराठीत एक. मात्र प्रत्येक नियमासमोर कक्ष क्रमांक लिहा, कारण वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला तीच भाषा कळते. कार्य आयोजनेत त्या कक्षात सागाची विरळणी लिहिली असेल आणि गावाने तिथं पेनठाणा राखला असेल, तर हा विरोध आजच कागदावर दाखवा, मजूर कुऱ्हाड घेऊन आल्यावर नव्हे.

बीटच्या वनरक्षकाला पहिल्या जंगलफेरीपासून सोबत घ्या. बरेच वनरक्षक शेतकऱ्यांचीच पोरं असतात आणि त्यांना जंगल खरंच कळतं, फक्त ते साहेबासमोर बोलत नाहीत. आणि तुम्ही स्वतःच वनरक्षक असाल तर एवढं करा: जंगलफेरीला गणवेश घालून जाऊ नका.

पायरी ८ : कोणती गोष्ट लिहायची नाही

औषधी वनस्पतींची माहिती हा सर्वांत नाजूक भाग. कोणत्या मुळीने काय बरं होतं हे वैदू तुम्हाला विश्वासाने सांगेल, म्हणून ते आराखड्याला जोडायचं असं नाही. आराखडा सरकारी कार्यालयांत फिरतो. वनहक्क कायद्यातच, कलम ३(१)(के) मध्ये, जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावर समाजाचा सामूहिक हक्क मान्य केला आहे. जैवविविधता कायदा २००२ खाली गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असते. त्या वहीत काय उघड ठेवायचं आणि काय नाही, हे आधी ग्रामसभेत ठरवा.

व्यवहारात सोपी वाटणी चालते. व्यवस्थापनाला लागणारी माहिती, म्हणजे कुठं, कधी, किती, कसं तोडायचं, ती आराखड्यात. उपचाराची माहिती सांगणाऱ्याकडेच, किंवा त्याची इच्छा असेल तर ग्रामसभेच्या पेटीत. दुर्मीळ मुळीची नेमकी जागा नकाशावर टाकू नका, तो भाग ‘राखीव’ एवढंच लिहा. फोटो, रेकॉर्डिंग, प्रबंधासाठी वापर यांची परवानगी प्रत्येक वेळी वेगळी घ्या. आणि तुमच्या मोबाईलमधलं सगळं रेकॉर्डिंग गाव सोडण्याआधी ग्रामसभेला द्या.

पायरी ९ : पहिलं वर्ष संपताना

तेंदूचा हंगाम संपून पेरणीची घाई सुरू व्हायच्या मधल्या आठवड्यात नियमांच्या उजळणीसाठी ग्रामसभा ठेवा. पाऊस एकदा लागला की कोणी येणार नाही. प्रत्येक नियमाचं पान वाचायचं आणि समोर तीनच गोष्टी लिहायच्या: पाळला गेला का, मोडला तर कोणी आणि का, आणि जंगलात फरक दिसला का. जो नियम सगळ्यांनीच मोडला त्यात बहुधा नियमच चुकलेला असतो. तारीख आठवडाभर उशिराची, किंवा सरपणाची दुसरी सोय न करता केलेली बंदी. तो तिथंच बदला.

चौकोन पुन्हा मोजायला त्याच महिन्यात त्याच पोरांना पाठवा. पहिल्या वर्षी रोपांच्या आकड्यात फार फरक दिसणार नाही. मोहाच्या रोपाला फळ धरायला साधारण दहा वर्षं लागतात, त्यामुळे घाईने ‘यशोगाथा’ लिहून कोणाला पाठवू नका. आगीचं मात्र पहिल्याच वर्षी कळतं. किती मोहांखाली जळकं वर्तुळ आहे आणि किती मोहांखाली झाडलेलं, हे एका सकाळी मोजून होतं. ज्याच्या वाटच्या झाडाखाली जळकं दिसेल त्याच्या घरी त्याच संध्याकाळी दोघी जणींना चहाला पाठवायचं, दंडाचं पुस्तक न घेता.